साठ रुपयांचं पाणी

आजी गेल्यावर दोन वर्षांनी, मागच्या मे महिन्यात, आम्ही गावचं घर रिकामं केलं. माळ्यावरून उतरवलेल्या सामानात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात अडकित्ता, दोन गंजक्या किल्ल्या, सुतळीचा गुंडा, आणि खाली फडक्यात गुंडाळलेली एक सुरी. मूठ बाभळीची, एका बाजूला जरा जास्तच जाड. पातं काळपट, पाठीकडे वेडंवाकडं. मी ती ओळखायला क्षणभरही लागला नाही. ती मी बनवलेली पहिली सुरी होती.

सुऱ्या बनवणं हा आता माझा धंदा आहे. पुण्यात एका गल्लीत छोटं वर्कशॉप आहे, तिथे मी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या करतो, शनिवार-रविवारी शिकवतोही. शिकवायच्या पहिल्या तासाला मी एक गोष्ट सांगतो. एकोणीस वर्षांचा होतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नापास होऊन सुट्टीत गावी बसलो होतो, भंगारातून ट्रकचा पाटा आणला, चुलीत तापवला, कानशीने घासला, जळक्या ऑइलमध्ये बुडवला आणि सुरी केली. कुणी शिकवलं नाही, सगळं एकट्यानं. गोष्ट चांगली आहे. पोरं खूश होतात. गेली बारा वर्षं ती मी इतक्या वेळा सांगितली आहे की मला स्वतःलाही खरी वाटते.

डब्यातली सुरी घेऊन पुण्याला आलो तेव्हा विचार असा होता, की ती साफ करून वर्कशॉपच्या भिंतीवर लावायची. खाली पाटी: पहिली सुरी, २००८.

साफ करताना ती गोष्ट फुटली.

आता थोडं तांत्रिक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लोखंड आणि पोलाद यांतला फरक मुख्यतः कार्बनचा. लोखंडात कार्बन जवळपास नसतो. शंभरात अर्धा-पाऊण भाग मिसळला की ते कडक होण्यासारखं पोलाद होतं. कानशीत तो साधारण एक भाग किंवा थोडा जास्त असतो. कार्बन पुरेसा असेल तर पातं लालबुंद तापवून एकदम थंड केल्यावर ते काचेसारखं कडक होतं. याला आपल्याकडे पाणी देणं किंवा पाणी पाजणं म्हणतात, मग ते तेलात बुडवलेलं असलं तरी. कार्बन नसेल तर कितीही तापवा, कशातही बुडवा, काही होत नाही. नुसतं ओलं लोखंड मिळतं.

पातं कडक झालंय की नाही हे कळायला कानस पुरते. कडक पात्यावरून कानस घसरते, मऊ पात्याला ती खाते.

माझी २००८ची सुरी कानशीने खात होती. हे मला आठवत होतं. तीन वेळा तापवली, तीन वेळा ऑइलमध्ये घातली, मागच्या अंगणात धूर झाला, आजी ओरडली. सुरी मऊच. टोमॅटो कापला तर ठीक, पण एकदा उसाचं कांडं सोललं तर धार मुडपली. मग आजीच म्हणाली, "आरं, बाजारात घिसाडी बसत्यात, त्यांच्याकडनं पाणी दिऊन आण की."

घिसाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील, निदान गाडीच्या काचेतून. आठवडे बाजाराच्या कडेला, पुलाजवळ, रस्त्याच्या उतारावर पाल ठोकून बसलेले. जमिनीत रोवलेली ऐरण, हाताने फिरवायचा भात्याचा पंखा, कोळशाची छोटी भट्टी. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून छोट्या हातोडीने खुणावतो आणि समोर उभी असलेली बाई दोन्ही हातांनी घण घालते. विळे, खुरपी, कोयते, शेवटायला आलेले फाळ आणि कुदळी. भटकी जमात, घरातली बोली आपल्यापेक्षा वेगळी, गुजराती-राजस्थानीच्या जवळची. बाजारात मात्र आमच्याशी आमच्यासारखंच बोलणारे.

मी ज्यांच्याकडे गेलो ते मामा पन्नाशीचे असतील. त्यांनी सुरी हातात घेतली, उलटसुलट केली, ऐरणीच्या कडेवर एकदा टकटक केली.

"पाणी न्हाई ह्येच्यात," म्हणाले.

"मी दिलं होतं मामा, तीनदा. ऑइलमध्ये."

ते हसले. शेजारी मामी पंखा फिरवत होत्या, त्याही हसल्या. "पुढच्या सोमवारी ये. साठ रुपये."

पुढच्या सोमवारी सुरी मिळाली. काळी झाली होती, जरा रुंद वाटत होती, पाठ थोडी वाकडी. मी मनातल्या मनात चिडलो, की एवढी घासून आकारात आणली होती आणि यांनी ठोकून बिघडवली. घरी येऊन पुन्हा घासली. या वेळी धारेकडे कानस घसरली. सुरी कडक झाली होती. मूठ बसवली, आजीला दिली, कॉलेजला परत गेलो. साठ रुपयांचं पाणी हा तपशील मी पुढे गोष्टीतून गाळला. खोटं बोलायचं म्हणून नाही. पाणी देणं ही शेवटची एक पायरी, बाकी सगळं मीच तर केलं होतं, असं वाटायचं.

तर यंदा. गंज काढला, बारीक पॉलिश पेपरने पातं आरशासारखं केलं आणि फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणात बुडवलं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ते सर्किट बोर्ड कोरायला वापरलं असेल. आम्ही सुरीवाले पोलाद 'वाचायला' वापरतो. ते धातू किंचित खातं, आणि कार्बन जास्त असलेला, कडक झालेला भाग काळा पडतो, मऊ लोखंड फिकट राहतं.

दहा मिनिटांनी पातं बाहेर काढलं तर त्यावर दोन धातू होते.

पाठीकडचा भाग फिकट राखाडी, आणि त्यात लांबट रेघा, चिरलेल्या लाकडात दिसतात तशा. धारेकडचा पट्टा काळा. दोन्हींच्या मधे एक लख्ख पांढरी रेषा. डाव्या बाजूने ती धारेपासून बोटभर वर होती, उजव्या बाजूने अगदी धारेजवळ. म्हणजे पोलादाची पट्टी तिरकी, एका अंगाने चढवलेली. मी भिंग लावून टाचेकडचा भाग पाहिला. तिथे काळ्या पट्ट्यावर बारीक तिरप्या रेघा होत्या, एकसारख्या अंतरावर. २००८ साली मी त्या माझ्याच कानशीचे ओरखडे समजलो होतो. ते ओरखडे नव्हते. ते कानशीचे दात होते. धारेचा तो पट्टा म्हणजेच एक जुनी कानस होती.

आणि वरचा भाग ट्रकचा पाटा नव्हता. पाट्याच्या पोलादात अशा लाकडासारख्या रेघा दिसत नाहीत. त्या जुन्या पद्धतीच्या घडीव लोखंडात दिसतात; त्यात भट्टीतली मळी अडकलेली असते आणि ठोकताना ती लांब ताणली जाते. भंगारवाल्याने मला पाटा म्हणून जे विकलं ती बहुधा बैलगाडीच्या चाकाची धाव होती. धावेला कडक व्हायचं काहीच कारण नसतं, तिला नुसतं झिजायचं असतं. तिला जन्मभर ऑइलमध्ये बुडवलं असतं तरी पाणी चढलं नसतं.

मामांनी हे ऐरणीवरच्या एका टकटकीत ओळखलं होतं. 'पाणी न्हाई' याचा मी लावला तो अर्थच चुकीचा होता. नीट पाणी दिलं नाहीस, असं ते म्हणत नव्हते. या लोखंडात पाणीच नाही, असं म्हणत होते. मग त्यांनी धावेच्या कडेला कानस जोडली. भट्टीत जोड देणं हे पाणी देण्याच्या दहापट अवघड काम. दोन्ही धातू पिवळ्याधमक उष्णतेपर्यंत न्यायचे, मधे टाकणखार टाकायचा म्हणजे मळी वितळून निघून जाते, आणि क्षणात घण घालायचा. पोलाद लोखंडाच्या आधी जळतं. दोन सेकंद जास्त झाले तर कानशीच्या फुलबाज्या होतात आणि हातात काही उरत नाही. मला हा जोड विश्वासाने द्यायला वर्कशॉपमध्ये चार वर्षं लागली. बारीक पात्यावर, कोळशाच्या उघड्या भट्टीत, तो मला आजही दर वेळी जमेल असं नाही.

भिंतीवरच्या पाटीचा विषय तिथेच संपला.

मऊ लोखंडाच्या अंगाला कडक पोलादाची धार लावणं ही युक्ती जगभर जुनी आहे. पोलाद महाग होतं, म्हणून ते लागेल तिथेच वापरायचं. युरोपात कुऱ्हाडी अशाच व्हायच्या, जपानी सुऱ्या अजूनही अशा होतात, आपल्याकडे कुऱ्हाडीला पोलाद घालून घेणं हे गावोगाव चालायचं. लोखंडाचे प्रकार आपल्या जुन्या ग्रंथांना नीट माहीत होते: 'रसरत्नसमुच्चया'त मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन सांगितले आहेत. धारेच्या कामाचं ते तीक्ष्ण. पोलाद हा शब्द फारसीतून आला. आणि लोखंड गाळण्याचं काम आपल्या मातीत फार मागे जातं. नागपूरजवळ नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती महापाषाणयुगातली, म्हणजे इसवी सनाच्या कित्येक शतकं आधीची.

पण त्या रात्री मी सुरी समोर ठेवून बसलो तेव्हा मला नायकुंड आठवलं नाही. मला १७९५ सालचा एक निबंध आठवला. सुऱ्यांच्या धंद्यात त्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि वाचलेला थोड्यांनी असतो. जॉर्ज पिअर्सन नावाच्या डॉक्टरने तो लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला. विषय: 'मुंबईला बनवलं जाणारं आणि तिथे वुट्झ म्हटलं जाणारं एक पोलाद'.

त्यामागची हकिकत अशी. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईत डॉ. हेलेनस स्कॉट नावाचे एक वैद्य होते. त्यांना इथले रंग, औषधं, चुना, धातू अशा सगळ्यात रस होता. त्यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना एका पोलादाचे नमुने पाठवले. इथल्या पोलादाइतकं कडक होणारं दुसरं काही आपल्या पाहण्यात नाही, असं त्यांचं म्हणणं. बँक्स यांनी नमुने वाटले. एक तुकडा जेम्स स्टोडार्टकडे गेला. स्टोडार्ट लंडनचा नामांकित सुरीवाला, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा. अध्यक्षांच्या इच्छेवरून त्याने त्या तुकड्याची एक छोटी सुरी घडवली, पिसाची लेखणी तासायची. पिअर्सनच्या निबंधात त्या सुरीची नोंद आहे. ठोकायला फार त्रास झाला, अंधारात जेमतेम लाली दिसेल एवढ्याच उष्णतेवर ती घडवावी लागली, पण धार उत्तम पोलादाच्या सुरीच्या तोडीची आली. स्टोडार्टचं मत झालं, की पुष्कळ कामांसाठी हे पोलाद इंग्लंडातल्या कुठल्याही पोलादापेक्षा सरस आहे. पुढे त्याने आपल्या दुकानाच्या जाहिरातीच्या कार्डावरही वुट्झचं नाव छापलं.

त्रास का झाला, हे आज आम्हाला कळतं. त्या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. युरोपातले लोहार सवयीने भरपूर तापवून ठोकायचे, आणि इतका कार्बन असलेलं पोलाद त्या उष्णतेला ओल्या ढेकळासारखं फुटतं. स्टोडार्टचा हात शहाणा होता, त्याने उष्णता कमी केली.

वुट्झ हा शब्द बहुधा कानडी 'उक्कु'चा अपभ्रंश. उक्कु म्हणजे पोलाद. आणि ते मुंबईला बनत नव्हतं. मुंबई हे बंदर. ते बनायचं तेलंगणात, म्हैसूरच्या मुलखात, सेलमकडे. निबंधाच्या शीर्षकात मात्र मुंबई बसली, जशी कुरिअरच्या खोक्यावर गोदामाची पेठ बसते तशी.

ते करायची रीत बऱ्याच प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. फ्रान्सिस बुकॅनन १८०० साली म्हैसूर भागात फिरत होता, त्याने पाहिली. घडीव लोखंडाचे लहान तुकडे मातीच्या मुशीत घालायचे. सोबत तरवडाच्या काड्या आणि हिरवी पानं. तरवड म्हणजे माळावरचं पिवळ्या फुलांचं तेच झुडूप, आपल्याकडेही भरपूर. मुशीचं तोंड मातीने बंद करायचं, अशा अनेक मुशी कोळशाच्या भट्टीत रचायच्या आणि तासन् तास भाते चालवायचे. काडी-पानांतला कार्बन लोखंडात उतरतो, लोखंड वितळतं. मूस गार झाल्यावर फोडली की पोलादाची एक छोटी लगडी. मूठभर आकाराची.

तेलंगणात, आजच्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथलं पोलाद इराणला जायचं. तलवारींवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसायची, ज्याला जग दमास्कस म्हणतं, ते पोलाद बरंचसं या बाजूचं. सतराव्या शतकात टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानेही गोवळकोंड्याच्या पोलादाबद्दल लिहिलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री व्हॉयसी नावाचा एक इंग्रज डॉक्टर कोनासमुद्रमला गेला, तर तिथे त्याला इस्फहानचा एक व्यापारी भेटला, हाजी हुसेन. स्वतः उभा राहून तोलून घेणारा. हे पोलाद इराणात करून पाहिलं, पण जमलं नाही, असं त्याने व्हॉयसीला सांगितलं.

म्हणजे बघा. नमुना पाठवणारा वैद्य, वाटणारा अध्यक्ष, निबंध वाचणारा डॉक्टर, सुरी घडवणारा स्टोडार्ट, विकत घेणारा हाजी हुसेन, पाहून लिहिणारे बुकॅनन आणि व्हॉयसी. नावं सगळी आहेत. स्टोडार्टच्या त्या पहिल्या सुरीतलं पोलाद ज्याने मुशीत घातलं, ज्या बाईने किंवा पोराने तो भाता हाणला, त्यांची नावं मी वाचलेल्या कुठल्याही कागदात मला दिसली नाहीत. पूर्वी या गोष्टीवर मी शिकवताना तावातावाने बोलायचो. साम्राज्य, लूट, ज्ञानाची चोरी. ते सगळं बोलून झाल्यावर पुढच्या तासाला माझी ट्रकच्या पाट्याची गोष्ट सांगायचो.

पुढे या पोलादामागे एक फार मोठा माणूस लागला. मायकेल फॅरेडे. तोच, बारावीच्या फिजिक्समधला. त्याचा बाप लोहार होता, हे पुस्तकात कोपऱ्यात असतं. विजेच्या शोधांआधी, १८१८ ते १८२२च्या सुमारास, फॅरेडे पोलादात गुंतलेला होता. वय तिशीच्या आतबाहेर. १८१९ साली त्याने वुट्झचं रासायनिक पृथक्करण छापलं, आणि मग त्याच स्टोडार्टबरोबर पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडिअम असं काय काय मिसळून पाहिलं. वुट्झमध्ये त्याला ॲल्युमिनाचा अंश सापडला आणि गुपित त्यातच आहे असं त्याला वाटलं. चूक होतं. १८२३ साली स्टोडार्ट वारला, फॅरेडे विजेकडे गेला, पोलादाचं काम मागे पडलं.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग शंभर वर्षांनंतरचा आहे. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक लाकडी पेटी होती, तिच्यावर फॅरेडेचं नाव. आत पोलादाचे ७९ नमुने. १९३०च्या सुमारास ते सर रॉबर्ट हॅडफील्ड यांच्याकडे तपासायला आले. हॅडफील्ड म्हणजे मँगेनीज पोलादाचे जनक, शेफील्डचे कारखानदार. त्यांनी ते तुकडे तपासून १९३१ साली एक जाडजूड पुस्तक लिहिलं. फॅरेडेने काय मिसळलं, कुठे चुकलं, काय साधलं, हे त्या तुकड्यांनीच सांगितलं. धातूचं एक बरं असतं. त्याला आपली गोष्ट पाठ नसते. तो विचारलं तर जे झालं तेच सांगतो.

(आणि मला उगाच वाटतं, की फॅरेडेला ती पेटी स्वतःला म्हातारपणी सापडायला हवी होती.)

नक्षीचं कोडं सुटायला आणखी वेळ लागला. अमेरिकेत आयोवाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन आणि फ्लोरिडाचा सुरीवाला अल्फ्रेड पेंड्रे यांनी वर्षानुवर्षं मुशीत पोलाद करून पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की व्हॅनेडिअमसारख्या धातूंचा अगदी किंचित अंश असेल तर पुन्हा पुन्हा तापवून ठोकताना कार्बाइडचे कण ओळीने जमतात आणि ती नक्षी उमटते. १९९८च्या त्यांच्या निबंधावर प्राध्यापकाच्या नावाशेजारी पेंड्रेचंही नाव लेखक म्हणून आहे. भट्टीपुढे उभा राहणाऱ्याचं नाव. मी तो निबंध पूर्वी वाचला होता तेव्हा व्हॅनेडिअमचे आकडे उतरवून घेतले होते. यंदा पुन्हा उघडला आणि फक्त लेखकांची ओळ बघत बसलो.

जूनच्या पहिल्या सोमवारी सुरी घेऊन गावच्या बाजाराला गेलो. पंधरा-सोळा वर्षांत पुलाचं रुंदीकरण झालंय, पालं आता पलीकडच्या बाजूला बसतात. तीन ठिकाणी विचारलं. चौथ्या पालात मामी होत्या. केस पांढरे झालेले, पण बसायची पद्धत तीच. भात्याच्या पंख्याला आता छोटी मोटर. ऐरणीवर नातू कोयता ठोकत होता.

मामा तीन वर्षांपूर्वी गेले, त्यांनी सांगितलं. मी काय बोलावं ते सुचेना म्हणून सुरी काढून दिली. म्हटलं, तुमच्याकडची आहे, कॉलेजात होतो तेव्हा आणली होती.

त्यांना मी आठवत नव्हतो. का आठवावा? वर्षाला शेकडो पोरं येतात. पण सुरी त्यांनी धारेकडून डोळ्यासमोर धरली, अंगठ्याच्या नखावर टेकवली, आणि पांढऱ्या रेषेवरून बोट फिरवलं.

"जोड हाय."

"हो. मला तेव्हा कळलंच नाही मामी. मला वाटलं नुसतं पाणी दिलंय. मामांनी सांगितलंही नाही."

"काय सांगायचं? तुला सुरी पायजे हुती, सुरी झाली." मग जरा थांबून, "किती घेतलं?"

"साठ."

"साठ?" त्या नातवाकडे बघून हसल्या. "पाण्याचं साठ. जोडाचं तवा दीडशे घ्यायचो आमी. तुज्याकडनं कमी का घेतलं कुणास ठावं."

मी म्हटलं, मामांचा हात फार चांगला होता, इतक्या बारीक पात्यावर जोड आता कुणी देत नाही.

"त्येंचा हात धरायला," मामी म्हणाल्या. "घण माजा हुता."

त्या सहज म्हणाल्या. उजव्या दंडावर मधमाशी बसावी तसा एक हात ठेवून. आणि मला एकदम तो सोमवार दिसला. मी सांडशीकडेच बघत होतो, मामांच्या छोट्या हातोडीकडे, कारण कामाचं डोकं तिथे आहे असं मला वाटत होतं. घण कोण घालतंय याकडे मी पाहिलं असेल, पण बघितलं नव्हतं. आणि सुरी सापडल्यापासून महिनाभर मनातल्या मनात ज्याची माफी मागत होतो तो एकटा पुरुष होता.

मी सांगितलं, की मी यावर लिहिणार आहे, तुमचं नाव घालतो, मामांचंही. त्या नको म्हणाल्या. मी दोनदा विचारलं.

"नाव घालून काय करतोस? लोकं फोन घेऊन फोटू काढाय येत्यात. येकदा आल्ती कालेजची पोरं, दिसभर बसली, येक इळाबी घेतला न्हाई." नातू म्हणाला, घालू दे की आज्जे. तर त्या म्हणाल्या, "तुजं घाल मग. मी हितं हाय ही समद्यास्नी ठावं हाय." म्हणून नाव घातलेलं नाही.

सुरीची धार गेली होती, ती त्यांनी माझ्या हातून घेऊन दगडावर लावली. मी सुऱ्यांचा धंदा करतो हे सांगितलं होतं, तरी. पाणी शिंपडून, आठ-दहा ओढी एका बाजूने, आठ-दहा दुसऱ्या बाजूने, कोन एकदाही न बदलता. वर्कशॉपमध्ये मी कोन मोजायला जे पितळी यंत्र वापरतो त्याची किंमत इथे लिहायची मला लाज वाटते.

"वीस रुपये."

मी जोडाचे राहिलेले नव्वद देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. मग वीस. सुटे नव्हते, तर नातवाने पालाच्या बांबूला लटकवलेला क्यूआर कोड दाखवला. स्कॅन केला. स्क्रीनवर एक नाव आलं, आडनावासकट, आणि खाली हिरवी खूण.

"कुणाचं नाव दावतंय?" मामींनी विचारलं.

"ह्याचंच," मी नातवाकडे बोट केलं.

"बरं," म्हणाल्या, आणि पुढचा विळा घेतला.